चाळिशीनंतरची माणसं आणि त्यांचा खेळ

मराठी सिनेमात चाळिशी-पन्नाशीची माणसं पूर्वीही असत, पण ती कायम कुणाची तरी कुणीतरी असत. नायकाचे वडील, नायिकेची आत्या, खालच्या मजल्यावरचे अण्णा. त्यांना स्वतःचा प्रश्न असलाच तर तो मुलीच्या लग्नाचा किंवा मुलाच्या नोकरीचा. आपल्या जोडीदाराशी आपलं आता काय नातं उरलंय, कॉलेजात जिच्यावर जीव जडला होता ती समोर आली तर काय होईल, पन्नाशीत नवी मैत्री होते का, असले प्रश्न या माणसांना पडतात, हेच पडद्याला फार उशिरा कळलं. गेल्या काही वर्षांत मात्र या वयाने एकदम गर्दी केली. २०२१ साली 'झिम्मा' आला, २०२३ साली 'बाईपण भारी देवा', २०२४ साली 'अलीबाबा आणि चाळीशीतले चोर' आणि २०२५ साली 'गुलकंद'. चारही चित्रपटांत एकच नायक किंवा एकच नायिका नाही, सहा-सात माणसांचा घोळका आहे. चारही हसतखेळत सांगितलेले आहेत आणि चारही आतून बऱ्यापैकी दुखरे आहेत.

हे चित्रपट ओळीने आठवताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. या माणसांना खरं बोलायला खेळ लागतो. सहल, स्पर्धा, पार्टी, काहीतरी निमित्त लागतं. घरात, रोजच्या टेबलावर, भाजी निवडता निवडता ती एकमेकांशी खरं बोलत नाहीत. लेखक-दिग्दर्शकांना हे सोयीचं वाटलं म्हणून असं झालं असेल असं मला वाटत नाही. आपल्या शहरी मध्यमवर्गाच्या बोलण्या-न बोलण्याबद्दलची ती फार नेमकी नोंद आहे.

'अलीबाबा'पासूनच सुरुवात करतो, कारण या चौघांत सर्वांत कमी चर्चा त्याची झाली आणि माझ्या मते सर्वांत अवघड काम त्याने अंगावर घेतलं होतं. दिग्दर्शक आदित्य इंगळे, लेखन डॉ. विवेक बेळे यांचं. सुबोध भावे, मुक्ता बर्वे, उमेश कामत, श्रुती मराठे, मधुरा वेलणकर, आनंद इंगळे आणि अतुल परचुरे अशी तयारीची मंडळी. मित्रमैत्रिणींचा जुना ग्रुप, ठरलेली पार्टी, ठरलेल्या चेष्टा, कोण काय पिणार हेही ठरलेलं. मध्येच दिवे जातात आणि त्या अंधारात कुणीतरी कुणाचं तरी चुंबन घेतं. दिवे आल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि तिथून संशयाचा खेळ सुरू होतो. चुंबन कुणी घेतलं हा प्रश्न वरवरचा. आपल्या बायकोचं कुणी घेतलं असावं, आपल्या नवऱ्याने कुणाचं घेतलं असावं, आणि आपलं कुणीच का घेतलं नाही, हे खरे प्रश्न. शेवटचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, आणि तोच सगळ्यांत जास्त छळतो.

बेळे हे नाव पुणेरी प्रायोगिक रंगभूमीला चांगलं परिचयाचं आहे. त्यांच्या 'माकडाच्या हाती शॅम्पेन'वरून सतीश राजवाडे यांनी २०१२ साली 'बदाम राणी गुलाम चोर' केला, 'काटकोन त्रिकोण'वरून २०१८ साली 'आपला मानूस' आला. बेळ्यांची पात्रं वाद घालतात, मुद्द्याला मुद्दा लावतात, समोरच्याला कोंडीत पकडतात, आणि हे करता करता स्वतःच उघडी पडतात. 'अलीबाबा'तही संवाद हाच खरा ऐवज आहे. तो सिनेमा म्हणून कधी कधी एका दिवाणखान्यात अडकल्यासारखा वाटतो, ही तक्रार मला मान्य आहे. पण त्यात स्त्रिया आणि पुरुष एकाच खोलीत, एकाच वयाचे, निव्वळ मित्र म्हणून बसलेले आहेत. कुणी कुणाची वहिनी नाही, कुणी कुणाचे भावोजी नाहीत. मराठी पडद्यावर हे दृश्य किती दुर्मीळ आहे! नात्याचा आधार काढून घेतला की बोलायचं कसं, चेष्टा कुठवर करायची, हात खांद्यावर ठेवायचा की नाही, इथपासून सगळं नव्याने ठरवावं लागतं.

या चित्रपटात अतुल परचुरे आहेत, म्हणून तो पुन्हा पाहताना गलबलायला होतं. मोठ्या आजारातून उठून ते पुन्हा कामाला लागले होते. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'तला मतिमंद मुलगा आणि 'व्यक्ती आणि वल्ली'तले पु. ल. अशी दोन टोकं याच नटाने पेलली होती. आपल्या वयाची, आपल्या अंगकाठीची, आपल्यासारखी बोलणारी माणसं पडद्यावर आणायला असे नट लागतात. ते हळूहळू कमी होत आहेत, याचं फार वाईट वाटतं.

खेळातून खरं बाहेर काढायची ही रीत मराठी नाटकात जुनी आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ सालचं. परगावी प्रयोगासाठी आलेली हौशी नाटक मंडळी वेळ घालवायला म्हणून लुटुपुटीचा खटला मांडतात आणि बघता बघता तो लीला बेणारेवरचा खरा खटला होतो. सगळे मध्यमवर्गीय, सगळे शहरी, बहुतेक सगळे आपापल्या आयुष्यात थोडेफार फसलेले. त्या खेळात जे बाहेर पडतं ते पुन्हा आत ढकलता येत नाही. बाकीची मंडळी पुन्हा आपल्या नाटकाच्या तयारीला लागतात, आणि बेणारे होती तिथेच पडून राहते. आजच्या चित्रपटांनी तेंडुलकरांकडून खेळ घेतला, निकाल घेतला नाही. आजच्या खेळाच्या शेवटी सगळ्यांना माफी आहे. यात प्रेक्षकांचा दोष नाही, आणि गोड शेवट ही काही हलकी गोष्ट नव्हे. पण दर वेळी माफी इतक्या लवकर मिळाली की आधी जे दुखलं ते खरंच दुखलं होतं का, असा संशय येऊ लागतो.

'झिम्मा'ची वेळ विसरता येण्यासारखी नाही. करोनानंतर महाराष्ट्रातली चित्रपटगृहं २२ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली, तीही निम्म्या आसनक्षमतेवर. १९ नोव्हेंबरला हेमंत ढोमे यांचा हा चित्रपट लागला. दीड वर्ष घरात कोंडलेल्या, तीन वेळचा स्वयंपाक आणि सगळ्यांची दुखणी काढून दमलेल्या बायकांना एक चित्रपट सांगत होता की सात अनोळखी बायका इंग्लंडला सहलीला निघाल्या आहेत. थिएटरं भरणारच होती. सुहास जोशी, निर्मिती सावंत, सुचित्रा बांदेकर, क्षिती जोग, सोनाली कुलकर्णी, मृण्मयी गोडबोले, सायली संजीव. वयं तिशीपासून सत्तरीपर्यंत. गाइड सिद्धार्थ चांदेकर.

लेखन इरावती कर्णिक यांचं, आणि मला वाटतं या चित्रपटाचा कणा तिथे आहे. कर्णिक मुळात नाटककार. बस, हॉटेलची लॉबी, नाश्त्याचं टेबल अशा जागांत माणसांना कसं गाठायचं हे त्यांना कळतं. निर्मिती सावंत यांची निर्मला कोंडे-पाटील बघा. घरच्यांच्या सवयींत स्वतःला विरघळवून टाकलेली ही बाई. निर्मितीताईंना आपण वर्षानुवर्षं मोठ्या आवाजाच्या, ठसक्याच्या विनोदी भूमिकांत पाहिलं. इथे त्यांनी तोच ठसका ठेवला आणि त्याच्या खाली एक संकोच ठेवला. काही विचारायचं असलं की ही बाई आधी हसते, मग विचारते. नकार आला तर हसण्यावारी नेता यावं, एवढीच त्यातली काळजी. हे मी माझ्या नात्यातल्या कित्येक बायकांत पाहिलं आहे, पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं.

सुहास जोशींबद्दल तर काय सांगावं! 'बॅरिस्टर' आणि 'स्मृतिचित्रे' ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा आवाज ओळखीचा आहे. त्या सत्तरी ओलांडल्यावर सात जणींच्या घोळक्यात उभ्या राहतात आणि कुणाच्याही आई किंवा सासू म्हणून उभ्या राहत नाहीत, ही साधी गोष्ट मला फार मोठी वाटली. दोन वर्षांनी, २४ नोव्हेंबर २०२३ला, 'झिम्मा २' आला. त्यात आपुलकी होती, रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे यांची भर होती, पण पहिल्या भागातल्या अनोळखीपणाची गंमत परत आणता येणं शक्यच नव्हतं.

या दोन भागांच्या मध्ये ३० जून २०२३ रोजी 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला. दिग्दर्शन केदार शिंदे, लेखन वैशाली नाईक. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहा बहिणी, त्यांच्यातले जुने अबोले आणि मंगळागौरीची स्पर्धा. जगभरात नव्वद कोटींच्या आसपास कमाई झाली. 'सैराट'नंतर तोवर कुठल्याही मराठी चित्रपटाने एवढा पल्ला गाठला नव्हता. त्यात कुणी तरुण नायक नाही, मारामारी नाही, खलनायकही नाही. शहरातल्या सहा मध्यमवयीन-वयस्क बहिणी एवढंच भांडवल.

ते दिवस आठवतात. सोसायट्यांमधून, भिशीच्या ग्रुपमधून, महिला मंडळांतून एकगठ्ठा तिकिटं काढली जात होती. नऊवारी नेसून, नथ घालून बायका थिएटरात येत होत्या, मध्यंतरात फेर धरत होत्या. आमच्या उपनगरातल्या थिएटरात माझ्या पुढच्याच रांगेत आठ-दहा जणी होत्या. त्यांतल्या एकीच्या गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलेलं होतं. गाणं लागलं तशी ती उठली, दोन्ही हातांनी पुढची खुर्ची घट्ट धरली आणि उभ्याउभ्याच पायाने ठेका धरला. बाकीच्या पुढे पडद्यापाशी गेल्या होत्या. ती गेली नाही, पण गाणं संपेपर्यंत बसलीही नाही.

मंगळागौर खरी नव्या नवरीची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं, श्रावणातला मंगळवार, सकाळी पूजा आणि रात्री जागरणाचे खेळ. फुगड्या, पिंगा, झिम्मा, सुपं-लाटणी घेऊन केलेले प्रकार. सासरी बोलता येत नसे ते त्या रात्री गाण्यांतून बोललं जाई. सासू, नणंद, जाऊ, सगळ्यांचा हिशेब चुकता होई. आता ही रात्र दुपारच्या हॉलमध्ये आली. नोकरीवाल्या नवरीला खेळ येत नाहीत, म्हणून मुंबई-पुण्यात मंगळागौरीचे ग्रुप बोलावले जातात. एकसारख्या शिवलेल्या नऊवारी, माइक, ठरलेला दोन तासांचा कार्यक्रम, आणि त्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका पन्नाशीच्या पुढच्या. म्हणजे नवरीचा खेळ चालता चालता आईच्या-मावशीच्या वयाकडे आला. केदार शिंदे यांनी हा बदल नेमका हेरला, आणि माझ्या मते त्या यशाचं खरं कारण तेच आहे. प्रेक्षागृहातल्या बायकांना हा खेळ आठवणीतला वाटलाच, शिवाय गेल्या श्रावणातलाही वाटला.

तरीही एक तक्रार मांडायलाच हवी. संसार मोडायच्या कडेला आलेली बहीण, घराच्या दबावात गाणं गमावून बसलेली बहीण, पैशांच्या ओढाताणीत पिचलेली बहीण, असे सहा गुंते या चित्रपटाने मांडले आणि शेवटच्या नाचाकडे जाता जाता ते जवळजवळ सगळे सैल करून टाकले. स्टेजवरून उतरून त्या घरी गेल्यावर काय झालं? सकाळी चहा कुणी केला? हे विचारायची हिंमत आपल्या नाटकाने तीस वर्षांपूर्वी केली होती. प्रशांत दळवी यांचं 'चारचौघी' १९९१ सालचं, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. आई आणि तीन मुली एका घरात. थोरल्या विद्याला नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याचा पत्ता लागतो आणि तिचा फोनवरचा तो दीर्घ प्रसंग मराठी रंगभूमीवर पाठ झालेला आहे. तो प्रसंग तेव्हा वंदना गुप्ते करत. २०२२ साली नाटक पुन्हा आलं तेव्हा विद्या मुक्ता बर्वे झाल्या आणि आई रोहिणी हट्टंगडी. म्हणजे 'बाईपण'मधल्या दोन बहिणी 'चारचौघी'च्या दोन पिढ्यांतून आलेल्या आहेत. त्या नाटकात निर्णय घेतला की त्याची किंमत त्याच घरात, त्याच दारात मोजली जाते. या नट्यांकडे तेवढी ताकद आहे हे ठाऊक असल्यामुळेच चित्रपटाने त्यांना शेवटी इतक्या सहज सोडलं याची हळहळ वाटते.

आता पुरुषांकडे वळतो. बायकांना मराठी सिनेमाने घोळका दिला, पुरुषांना एकटेपण दिलं. 'बापजन्म'मधले सचिन खेडेकर, 'आपला मानूस'मधले नाना पाटेकर, २०२४ सालच्या 'जुनं फर्निचर'मधले महेश मांजरेकर. एक बाप, त्याची एक व्यथा, समोर मुलं. या भूमिका उत्तम झाल्या आहेत, पण या माणसांना मित्र आहेत का? असले तर त्यांच्याशी ते काय बोलतात? पन्नाशीतला मराठी पुरुष मित्रांच्यात बसला की क्रिकेट, शेअर, गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि राजकारण यांवर तासन्‌तास बोलतो. बायकोशी सहा महिने धड बोलणं नाही हे तो सांगत नाही. दुसऱ्या पेगनंतर सांगू लागला तर मित्र विषय बदलतात, त्याचीच लाज राखायला. 'अलीबाबा'ने या बदललेल्या विषयाला हात घातला. तो धागा पुढे कुणीतरी उचलायला हवा होता.

२०२५ सालच्या १ मेला आलेल्या 'गुलकंद'ने तो थोडा उचलला. सचिन गोस्वामी यांचं दिग्दर्शन, सचिन मोटे यांचं लेखन; समीर चौघुले, सई ताम्हणकर, प्रसाद ओक, ईशा डे. मुलांची लग्नं जुळवताना आईबापांचं जुनं प्रेम समोर येतं अशी कल्पना. दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांत मुरलेली ही गोस्वामी-मोटे जोडी प्रसंगाला प्रसंग जोडत हसवते. पण चौघुले यांचा साधा, बायकोवर मनापासून माया करणारा नवरा हा त्यातला खरा दागिना. आपण कमी पडतोय ही भीती या माणसाच्या चालण्यातही दिसते.

खेळाचा आधार न घेता घोळका उभा करायचे दोन प्रयत्न आपल्याकडे २०१५ सालीच झाले, आणि दोन्हींचा विषय आता फारसा कुणी काढत नाही. उमेश कुलकर्णी यांच्या 'हायवे'मध्ये मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या वेगवेगळ्या गाड्यांतली माणसं आहेत. गिरीश कुलकर्णी यांचं लेखन. गाडीत माणूस समोर बघत बोलतो, शेजारच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून जे घरी बोलला नसता ते बोलून जातो. द्रुतगती मार्गावर आठवड्याला ये-जा करणाऱ्या कुणालाही हे पटेल. दुसरा सचिन कुंडलकर यांचा 'राजवाडे अँड सन्स'. सतीश आळेकर कुटुंबप्रमुख, ज्योती सुभाष त्यांच्या पत्नी, आणि अतुल कुलकर्णी, सचिन खेडेकर, मृणाल कुलकर्णी अशी मधली पिढी. वडिलांच्या शब्दाखाली, एकाच छताखाली, एकाच व्यवसायात अडकलेली चाळिशी-पन्नाशीची मुलं. त्यांना पगार आहे, गाडी आहे, सही करायचा अधिकार नाही. या चित्रपटाने भांडण घरातच ठेवलं, जिन्यात आणि जेवणाच्या टेबलावर, आणि म्हणून आजही तो मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो.

घर आणि जागा हा आपल्या शहरी विनोदाचा मूळ विषय आहे हे विसरून चालणार नाही. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७० सालचा. भरल्या खोलीत नवराबायकोला एकांत मिळत नाही एवढीच गोष्ट, आणि तिच्यात अख्खी मुंबई. बासू चटर्जी यांनी दोनच वर्षांत त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. त्याच चटर्जींचा १९७८ सालचा 'खट्टा मीठा' तर मध्यमवयाचा अस्सल चित्रपट. चार मुलांचे विधुर अशोककुमार आणि तीन मुलांच्या विधवा पर्ल पदमसी मुंबईतल्या पारशी वस्तीत लग्न करतात. त्या वयात लग्न करणं हा तिथे उपदेशाचा विषय होत नाही. सात मुलांनी एका घरात कुठे झोपायचं हा विषय होतो, आणि प्रेम त्यातूनच कळतं. अनुराग बसूंच्या २००७ सालच्या 'लाइफ इन अ... मेट्रो'तही सगळं एका फ्लॅटच्या किल्लीभोवती फिरतं. ती कल्पना बिली वाइल्डरच्या १९६०च्या 'द अपार्टमेंट'मधून आलेली, पण मुंबईत अशी चपखल बसली की परकी वाटलीच नाही. आयुष्याच्या शेवटी पुन्हा भेटलेले धर्मेंद्र आणि नफीसा अली त्यातच आहेत. २०२५ सालच्या 'मेट्रो... इन दिनों'मध्ये किल्लीची जागा मोबाइलने घेतली. पंकज त्रिपाठींचा नवरा डेटिंग अ‍ॅपवर जातो आणि कोंकणा सेन शर्मांची बायको खोट्या नावाने त्याच्याशी बोलू लागते. जागा गेली आणि शहरही थोडं पुसट झालं, असं मला तो पाहताना वाटत राहिलं.

मराठीतल्या नव्या चित्रपटांत तेच झालंय. माणसं आपली आहेत, भाषा आपली आहे, पण त्यांना खरं बोलायला इंग्लंडला, स्पर्धेच्या हॉलला किंवा अंधाराला न्यावं लागतं. ज्या जागेत ती मुकी झाली ती जागा पडद्यावर येत नाही. ती आज मुंबई-पुण्यात जिथे तिथे रिकामी होत आहे. दादर, पार्ले, मुलुंड, कोथरूड, कुठल्याही गल्लीत जा, पत्रे लागलेले दिसतील. इमारत पुनर्विकासाला गेली की आई-वडिलांच्या दोन खोल्यांवर तीन भावंडांच्या सह्या लागतात. एक ठाण्याला, एक बडोद्याला, एक न्यू जर्सीला. दहा वर्षं एकमेकांकडे न गेलेली माणसं करारनाम्यासाठी एका टेबलाशी बसतात. वाढीव चौरस फूट, भाडं, कॉर्पस, पार्किंग. बोलता बोलता आईचं शेवटचं आजारपण निघतं, तेव्हा कोण रात्री थांबलं होतं आणि कोण फक्त पैसे पाठवत होतं हे निघतं. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत असते. त्यात हसण्यासारखंही पुष्कळ असतं, कारण बिल्डरच्या माणसासमोर सगळ्यांना एकदम एकी दाखवायची असते.

हा प्रसंग लिहू शकतील असे नाटककार आपल्याकडे आहेत, आणि तो करू शकतील अशा नटनट्या तर या लेखात ओळीने येऊन गेल्या. निर्मात्यांनाही आता भीती उरायला नको, कारण या वयाच्या माणसांची गोष्ट बघायला माणसं रांगा लावतात हे २०२३च्या त्या पावसाळ्यात सिद्ध झालेलं आहे. त्या टेबलाशी बसलेल्या तीन भावंडांत किमान दोन भाऊ असू द्यावेत, आणि सह्या झाल्यावर कॅमेऱ्याने त्यांच्याबरोबर खाली, पत्र्याच्या फाटकापर्यंत जावं.